‘नाना’ नावाची झाडं

नर्सरीत सोनेरी मोरपंखीची बुटकी, गोलसर रोपं मिळतात. कुंडीत मावणारी, मेणबत्तीच्या ज्योतीसारख्या आकाराची. त्यांच्या एका जुन्या जातीचं नाव आहे ‘ऑरिया नाना’. मराठी घरात नाना म्हणजे वडीलधारा माणूस. उर्दू बोलणाऱ्या घरात नाना म्हणजे आईचे वडील. लॅटिनमध्ये मात्र ‘ऑरिया’ म्हणजे सोनेरी आणि ‘नाना’ म्हणजे बुटकी! दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला असा शब्द सापडला की तो सोडवत नाही. या शब्दाच्या मागे गेलो तेव्हा बुटक्या सूचिपर्णी झाडांचा एक मोठा इतिहास सापडला. तोच आज सांगतो.

सूचिपर्णी म्हणजे देवदार, चीड, स्प्रूस, सरू, मोरपंखी यांचं कूळ. या कुळाची जगभर ख्याती आहे ती उंचीसाठी. फारसी आणि उर्दू शायरीत तर उंचीचं मापच सरू. तिथे त्याला ‘सर्व’ म्हणतात (मराठीतलं ‘सर्व’ वेगळं). प्रिय व्यक्तीची सडपातळ, ताठ उंची सांगायची तर तिला ‘सर्वकद’ म्हणायचं. मोगल चित्रांतल्या बागांमध्ये हिरवेगार निमुळते सरू उभे असतात. हाच शब्द मराठीत सरू, सुरू झाला आणि आपण तो कोकणच्या किनाऱ्यावरच्या झाडाला लावला. ते सुरू मुळात सूचिपर्णी नाहीच, त्याच्या बारीक फांद्या तेवढ्या सुईसारख्या दिसतात.

उंच सरूचा लोभ बादशहांनाही होता. इराणमधल्या काश्मरच्या सरूची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो स्वतः जरथुष्ट्राने लावला अशी आख्यायिका, आणि ‘शाहनाम्या’तही त्याचा उल्लेख आहे. अब्बासी खलिफा मुतवक्किलने समर्रा इथल्या आपल्या महालासाठी हा सरू तोडून आणायचा हुकूम दिला. लाकूड वाटेतच होतं आणि ८६१ साली खलिफाचा त्याच्याच तुर्की शिपायांनी खून केला, असं सांगतात. उंच झाडाच्या वाट्याला कीर्ती येते, तशी कुऱ्हाडही येते.

मग बुटक्याकडे कोणाचं लक्ष गेलं?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या मोइरा इथे एक विचित्र स्प्रूस आढळला. साधा नॉर्वे स्प्रूस चाळीस-पन्नास मीटर वाढतो. हा मात्र दाट, गोल झुडपासारखा बसून राहिला होता. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ. पण लॉर्ड क्लॅनब्रॅसिल नावाच्या जमीनदाराने तो आपल्या टॉलीमोरच्या बागेत नेऊन लावला. आज या जातीला त्याचंच नाव आहे, ‘क्लॅनब्रॅसिलियाना’. तो मूळ वृक्ष टॉलीमोरमध्ये दोनशे वर्षांनंतरही उभा आहे आणि आपल्या भाऊबंदांच्या उंचीच्या जवळपासही गेलेला नाही. जगभरच्या बागांमधली त्याची सगळी रोपं त्याच्याच फांद्यांपासून झालेली आहेत.

दुसरी गोष्ट कॅनडाची. १९०४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले दोन वनस्पतितज्ज्ञ, जॉन जॅक आणि आल्फ्रेड रेडर, अल्बर्टा प्रांतातल्या लॅगन स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. गाडीला उशीर होता. वेळ घालवायला ते आसपास फिरले आणि त्यांना पांढऱ्या स्प्रूसची काही बुटकी रोपं दिसली. मऊ हिरवी, शंकूसारखी, जणू कोणी कात्रीने आकार दिलाय. ती त्यांनी सोबत नेली. आज नाताळात कुंडीत सजवला जाणारा छोटा स्प्रूस बहुतेक याच वंशातला असतो. त्याचं नाव ‘कोनिका’. गाडी वेळेवर आली असती तर ही जात आपल्याला कदाचित मिळालीच नसती.

ही बुटकी झाडं तयार होतात कशी? एक वाट म्हणजे बीजातच झालेला बदल. हजारो रोपांत एखादंच तसं निघतं, आणि जंगलात मोठ्यांच्या सावलीत ते बहुधा मरून जातं. दुसरी वाट जास्त चमत्कारिक आहे. उंच झाडाच्या एखाद्याच फांदीवर डहाळ्यांचा दाट गुच्छ वाढतो. लांबून पक्ष्याचं घरटं वाटावं असा. युरोपातल्या लोकांनी त्याला ‘चेटकिणीचा झाडू’ म्हटलं, कारण त्याचं कारण कोणाला कळत नव्हतं. कधी बुरशीमुळे, कधी किडीमुळे आणि कधी एखाद्या कोंबातच बदल झाल्यामुळे तो तयार होतो. या शेवटच्या प्रकारच्या गुच्छाची डहाळी साध्या रोपावर कलम केली की बुटकं झाड मिळतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले सिडनी वॅक्समन हे असे गुच्छ शोधत हिंडायचे आणि फार उंचावर असले तर बंदुकीच्या गोळीने खाली पाडायचे. काही गुच्छांना फळंही धरतात. त्यांतल्या बियांची साधारण निम्मी रोपं बुटकी निघतात, बाकीची उंच.

म्हणून या झाडांचा वंश बियांवर सोपवता येत नाही. कोणीतरी फांदी कापायची, कलम करायचं, जगवायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं. एक पिढी चुकली तर जात संपली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बुटकी झाडं म्हटलं की आपल्याला बोन्साय आठवतं. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढतोय. जपानच्या यामाकी कुटुंबाने तो १९७६ साली अमेरिकेला भेट दिला. २००१ साली त्या घरातले नातू तिथे आले तेव्हा कळलं की ६ ऑगस्ट १९४५ ला हे झाड हिरोशिमात, त्यांच्या घराच्या भिंतीआड होतं आणि बॉम्बमधून वाचलं होतं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याच देशाला हे झाड दिलं आणि देताना ही गोष्ट गाजावाजा करून सांगितलीही नाही! पण या पाइनचं बुटकेपण माणसाच्या हातचं आहे. मुळं छाटून, फांद्या वळवून ते राखलेलं आहे. तरुण बोन्साय जमिनीत मोकळं लावलं तर ते उंच होऊ लागेल. ‘नाना’ जातीचं बुटकेपण मात्र तिच्या रक्तातलं. तिला कोणी छाटलं नाही तरी ती आपल्याच चालीने चालते.

‘चाल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मरी हॉर्निब्रूक नावाच्या गृहस्थाने आयर्लंडमध्ये आयुष्याची बरीच वर्षं ही झाडं जमवली. १९२३ साली त्याने त्यांच्यावरचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘बुटकी आणि सावकाश वाढणारी सूचिपर्णी झाडं’. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. ही झाडं थांबलेली नसतात, सावकाश वाढत असतात. म्हणूनच अमेरिकन कॉनिफर सोसायटी त्यांचे गट उंचीवर पाडत नाही, वर्षाच्या वाढीवर पाडते. वर्षाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढेल ते अतिबुटकं, २.५ ते १५ सेंटिमीटर वाढेल ते बुटकं. म्हणजे ‘बुटकं’ म्हणून घेतलेलं झाड दहा वर्षांत २५ सेंटिमीटर असू शकतं किंवा दीड मीटरही. आणि दहा वर्षांनंतर ते वाढायचं थांबत नाही.

इंग्लंडच्या लोकांना हे जरा महागात पडून कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लहान घरं आणि लहान बागा वाढल्या. १९६०-७० च्या दशकांत नॉरफोकच्या एड्रियन ब्लूमसारख्या बागतज्ज्ञांनी बुटकी सूचिपर्णी झाडं लोकप्रिय केली. बारमाही हिरवी, निळी, सोनेरी आणि कमी कष्टाची. घरोघर ती लागली. वीस-तीस वर्षांत त्यांतली कित्येक खिडकीच्या वर गेली, कारण घेताना कोणी वाढीचा हिशेब विचारला नव्हता. त्याच काळात शेजाऱ्याची नजर अडवायला लोकांनी लेलँड सरूची कुंपणं घातली. १८८८ साली वेल्समध्ये आपोआप झालेल्या संकरातलं हे झाड भलतंच झपाट्याने वाढतं. शेजाऱ्याचं ऊन अडलं, भांडणं पोलिसांत आणि कोर्टात गेली. शेवटी २००३ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र प्रकरण घालावं लागलं. इंग्लंडमध्ये ते २००५ पासून लागू झालं. दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणाविरुद्ध आता तिथे नगरपालिकेकडे दाद मागता येते.

आपल्याकडचं काय? स्प्रूस आणि फर आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. मैदानी महाराष्ट्रात खरा आधार मोरपंखीचाच. ती मूळची चीन-कोरियाकडची. नर्सरीवाले तिला अजून ‘थुजा’ म्हणतात. शाळेतली मुलं तिला ‘विद्या’ म्हणतात आणि तिचं पान पुस्तकात दडवून ठेवतात. दरवर्षी वह्या तपासताना त्यांतून अशी दोन-चार वाळलेली पानं माझ्या टेबलावर पडतात. बुटकी मोरपंखी घ्यायची असेल तर इतिहासातून निघालेल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. विक्रेत्याला ‘किती उंच होईल’ असं विचारू नका, ‘वर्षाला किती वाढते’ ते विचारा. तिला भरपूर ऊन द्या, सावलीच्या बाजूची पानं करडी पडतात. कुंडीत पाणी साचू देऊ नका. आणि छाटणी फक्त हिरव्या भागाची करा. जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे सहसा पुन्हा पालवी फुटत नाही.

कॅनडाच्या त्या ‘कोनिका’ची एक खोड मला फार विचार करायला लावते. कधी कधी तिच्या दाट शंकूतून एकच कोंब सरळ, जोमदार, साध्या स्प्रूससारखा बाहेर येतो. माळी तो लगेच कापतात, कारण ठेवला तर तो बाकीचं झाड गिळून टाकतो. म्हणजे त्या बुटक्या झाडात उंची कुठेतरी दबा धरून असतेच. शेकडो वर्षं आपण सर्वकद सौंदर्याची तारीफ केली. ती खोटी नव्हती. पण मोइराच्या त्या खुरट्या स्प्रूसपाशी कोणीतरी थांबलं आणि त्याला खुरटा न म्हणता वेगळा म्हणालं, म्हणून तो आज आहे.

शाळेत प्रार्थनेची रांग आम्ही उंचीप्रमाणे लावतो. पुढे बुटकी, मागे उंच. रांगेपुरतं ते ठीक आहे. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना मात्र माझा हात आता ‘मंद’ या शब्दापाशी अडतो. तिथे मी मुलाने वर्षभरात किती अंतर कापलं ते लिहितो. सावकाश वाढणाऱ्याचा हिशेब वर्षांनीच मांडावा लागतो, आणि तोवर त्याला सांभाळणारा कोणीतरी असावा लागतो.