आग्रा रोडने बाळ येशूकडे

नाशिकरोडला दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते. भाविक रेल्वेने, एसटीने येतात. धुळ्याचे माझे ख्रिस्ती मित्र, निवृत्त शिक्षक, एका वर्षी म्हणाले, ‘कविराज, आपण पायीच जाऊ.’ आग्रा रोडने दीडशे किलोमीटर. सहा दिवस लागले.

खानदेशाला पायी यात्रा नवी नाही. चैत्रात सप्तशृंगीला लोंढे निघतात. मुक्ताईची पालखी कोथळीहून थेट पंढरपूर गाठते. झोडग्याजवळ एका आजीने विचारले, ‘कथा चालनात भाऊ, त्र्यंबकले का?’ मित्र म्हणाले, ‘नही माय, बाळ येशूले.’ तिला पायी चाललो आहोत एवढे पुरले. चहा आला. माझे नाव तिने विचारले नाही. मालेगावात ते सांगायला अडचण नव्हती. राहुड घाट चढून चांदवडला मुक्कामाची जागा मागताना मात्र जीभ जरा अडखळली.

पिंपळगाव बसवंतकडे उतरले की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. उन्हात घड पिवळे पडत आलेले. मित्रांना वेलीवेलीत बायबल दिसे. मला थॉम्पसन आठवला. त्या वाणाला एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या एका बागाईतदाराचे नाव मिळाले. मूळ मात्र तुर्कस्तान-इराणकडचे, किसमिसवाल्यांचे. बाळ येशूची मूर्तीही अशीच फिरलेली. मूळची स्पेनची, १६२८ साली एका सरदारघराण्यातल्या स्त्रीने प्रागच्या कार्मेल मठाला दिली. नाशिकला तिची प्रतिकृती.

चालताना ओवीचा विषय निघाला. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. दहा हजारांवर ओव्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५चा, तोही ओवीतच. ज्ञानदेवांनी मळलेली वाट. दोघेही तिच्यावरून चालले, कोणी परवाना मागितल्याचे ऐकिवात नाही. ‘मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?’ असे विचारणारे मला आजही भेटतात. त्यांना मी ही दोन साले सांगतो. काही जण वहीत टिपून घेतात, काही विषय बदलतात.

नाशिकरोडला मिस्सा अनेक भाषांत होत्या. दारावरच्या स्वयंसेवकाने आमच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले आणि विचारले, ‘मराठी का कोकणी?’

‘मराठी,’ आम्ही दोघेही म्हणालो.