सरकणारी पेठ आणि ठाण मांडलेली पेठ: शिकागो व फिलाडेल्फिया

अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला सामान्यतः ‘डाउनटाउन’ म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे तेथील मध्यमवर्गाची मोठी खरेदी याच भागातल्या एखाद्या ठरावीक रस्त्यावर होत असे. शिकागोत हा मान स्टेट स्ट्रीटला होता, फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटला. दोन्ही रस्त्यांचा इतिहास बहुधा एकाच साच्यात सांगितला जातो: भव्य दुकाने उभी राहिली, मोटारी वाढल्या, गिऱ्हाईक उपनगरांत राहायला गेले आणि दुकाने बंद पडली. हा साचा खोटा नाही, पण फार ढोबळ आहे. शिकागोची पेठ एका जमीनमालकाने स्वतःच्या पैशाच्या बळावर एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्या रस्त्यावर बसवली होती, तर फिलाडेल्फियाची पेठ शहराच्या पहिल्या आराखड्यातील रस्त्यावरच वाढली होती. उतरती कळा लागल्यावर दोन्ही शहरांनी जे उपाय केले, त्यांवर या भिन्न जन्माची छाप स्पष्ट दिसते.

विल्यम पेन याने १६८२ मध्ये वसवलेल्या फिलाडेल्फियाच्या आराखड्यात शंभर फूट रुंदीचे दोन हमरस्ते होते. त्यांपैकी पूर्व-पश्चिम जाणाऱ्या ‘हाय स्ट्रीट’च्या मधोमध मांस, भाजीपाला आणि लोणी विकणाऱ्यांसाठी छपरे उभारण्यात आली, आणि शहर जसजसे डेलावेअर नदीपासून पश्चिमेकडे वाढले तसतशी ही छपरांची रांगही लांबत गेली. लोक या रस्त्याला पूर्वीपासूनच बाजाराचा रस्ता म्हणत. नगरपालिकेने १८५८ मध्ये ‘मार्केट स्ट्रीट’ हे नाव अधिकृत केले आणि पुढच्याच वर्षी रहदारीला अडथळा होतो म्हणून ती छपरे पाडून टाकली. विस्थापित विक्रेत्यांपैकी अनेकजण बाराव्या रस्त्याजवळच्या बंदिस्त मंडयांत गेले. पुढे रीडिंग रेल्वे कंपनीला नेमक्या त्याच जागेवर आपले स्थानक बांधायचे होते, तेव्हा मंडईवाल्यांनी जागा सोडण्यास नकार दिला. शेवटी कंपनीला गाड्यांचे फलाट वरच्या मजल्यावर घ्यावे लागले आणि खाली मंडईसाठी जागा करून द्यावी लागली. १८९३ पासून चालू असलेले ‘रीडिंग टर्मिनल मार्केट’ ते हेच, आणि या रस्त्याची चिवट वृत्ती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणत्याही वास्तूत दिसत नाही.

शिकागोला असा वारसा नव्हता. तेथे १८६० च्या दशकापर्यंत व्यापार नदीला समांतर जाणाऱ्या लेक स्ट्रीटवर चाले, आणि तेथील एक यशस्वी कापड व्यापारी पॉटर पामर याने १८६५ मध्ये आपला धंदा मार्शल फील्ड आणि लीव्हाय लायटर या तरुण भागीदारांच्या हाती सोपवून जमिनीच्या व्यवहारात उडी घेतली. त्या वेळी स्टेट स्ट्रीट हा अरुंद आणि फारसा प्रतिष्ठित नसलेला रस्ता होता. पामरने त्याच्या दुतर्फा सुमारे पाऊण मैलाची जमीन खरेदी केली, रस्ता रुंद करवून घेतला, एका टोकाला हॉटेल उभारले आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर संगमरवरी दर्शनी भागाची इमारत बांधून ती १८६८ मध्ये फील्ड आणि लायटर यांनाच भाड्याने दिली. या एका भाडेकरूच्या मागोमाग इतर दुकानेही लेक स्ट्रीट सोडून आली. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८७१ मधील महाभयंकर आगीत हे सारे जळून खाक झाले, तरी फील्ड आणि लायटर यांनी घोड्यांच्या ट्रामच्या तबेल्यात तात्पुरते दुकान थाटले आणि १८७३ मध्ये ते मूळ कोपऱ्यावर परतले. तेथील नवी इमारतही १८७७ मध्ये जळाली. पण तोवर पेठ स्टेट स्ट्रीटवरच राहणार हे ठरून गेले होते, आणि लायटर १८८१ मध्ये बाहेर पडल्यावर मार्शल फील्ड एकटाच या धंद्याचा धनी झाला.

दोन्ही पेठांना ज्यांनी रूप दिले ती ‘डिपार्टमेंट स्टोअर’, म्हणजे कापड, कपडे, भांडी, फर्निचर, खेळणी असा नाना प्रकारचा माल एकाच मालकाच्या छपराखाली वेगवेगळ्या विभागांत मांडणारी दुकाने होत. फिलाडेल्फियात या प्रकाराचा पुरस्कर्ता होता जॉन वॉनामेकर. त्याने १८६१ मध्ये मार्केट स्ट्रीटवरच पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान काढले होते. पुढे तेराव्या रस्त्याजवळचे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे जुने मालधक्क्याचे आवार विकत घेऊन १८७६ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनाच्या वर्षी, ‘ग्रँड डेपो’ या नावाने त्याने ते खुले केले. पूर्वी जेथे मालगाड्या रिकाम्या होत त्या विस्तीर्ण छपराखाली मध्यभागी गोलाकार आणि त्याभोवती वर्तुळांच्या रांगांनी विक्रीची टेबले मांडलेली होती. घासाघीस न करता प्रत्येक वस्तूवर एकच किंमत लिहिणे आणि न पटलेला माल परत घेऊन पैसे देणे हे नियम त्याने मोठ्या जाहिरातीने राबवले. त्यांचा शोध त्यानेच लावला असे त्याचे चाहते सांगत, ते मात्र फारसे खरे नाही, कारण इतरत्रही हे नियम त्याआधी दिसतात. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात ज्या फिलाडेल्फियात राहत होत्या, त्या शहरात हे दुकान तोवर चांगलेच प्रस्थापित झालेले होते.

फील्डचा धंदा वेगळ्या पायावर उभा होता. शिकागो हे रेल्वेमार्गांचे जंक्शन असल्यामुळे मिडवेस्ट म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या गावोगावचे दुकानदार माल भरायला तेथे येत, आणि त्यांच्यासाठी चालणारा फील्डचा घाऊक व्यापार दीर्घकाळ किरकोळ विक्रीपेक्षा मोठा होता. एच. एच. रिचर्डसन या वास्तुविशारदाने त्यासाठी रचलेली १८८७ मधील दगडी इमारत आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात आजही अभ्यासली जाते, जरी ती १९३० मध्ये पाडली गेली. किरकोळ दुकानाचा थाट वाढवण्याचे श्रेय पुष्कळसे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या व्यवस्थापकाकडे जाते, ज्याने पुढे लंडनला जाऊन १९०९ मध्ये स्वतःच्या नावाचे दुकान काढले. या घडामोडींत स्टेट स्ट्रीटवर एकापाठोपाठ एक मोठी दुकाने उभी राहिली. त्यांतल्या श्लेसिंगर अँड मेयर या पेढीसाठी लुई सलिव्हन याने रचलेली इमारत, जी १९०४ पासून कार्सन पिरी स्कॉट या नावाने ओळखली गेली, लोखंडाच्या नाजूक नक्षीमुळे साऱ्या रस्त्यातील सर्वांत सुंदर वास्तू ठरली आहे.

दोन्ही शहरांच्या पहिल्या क्रमांकाच्या दुकानांच्या इमारती मात्र एकाच कार्यालयाने रचल्या, ते शिकागोचा वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम याचे. फील्डच्या दुकानाचे स्टेट स्ट्रीटवरचे भाग १९०२ व १९०७ मध्ये उघडले, आणि त्यांतील एका चौकावर टिफनीच्या कारखान्याने रंगीत काचेच्या तुकड्यांचे मोझाइक छत बसवले. वॉनामेकरची बारा मजली ग्रॅनाइटची इमारत १९११ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत समर्पित झाली. तिच्या मधल्या प्रचंड चौकात १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनातून विकत आणलेला महाकाय ऑर्गन आणि त्याच प्रदर्शनातील काशाचा गरुड ठेवलेला होता. शिकागोकर फील्डच्या कोपऱ्यावरच्या घड्याळाखाली भेटत, फिलाडेल्फियाकर त्या गरुडापाशी. एक भेटण्याची जागा रस्त्यावर आणि दुसरी दुकानाच्या आत, हा फरक पुढच्या इतिहासाकडे पाहता लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गिऱ्हाईक आणण्याची वाटही वेगवेगळी होती. शिकागोत उंचावरील लोहमार्गाचे वर्तुळ १८९७ मध्ये पूर्ण झाले, ज्याच्यावरून मध्यवर्ती भागाला ‘लूप’ हे नाव रूढ झाले. ते स्टेट स्ट्रीटवरून न नेता एक रस्ता पूर्वेच्या वॉबॅश अॅव्हेन्यूवरून नेलेले असल्यामुळे मुख्य रस्त्यावर सूर्यप्रकाश राहिला, आणि स्थानकांवरून काही दुकानांच्या वरच्या मजल्यांत थेट पूल टाकले गेले. स्टेट स्ट्रीटखालचा भुयारी मार्ग १९४३ मध्ये आला. फिलाडेल्फियात भुयारी गाडी १९०७–०८ मध्येच मार्केट स्ट्रीटखालून धावू लागली, आणि आठव्या रस्त्याच्या स्थानकातून लिट ब्रदर्स, गिंबेल्स आणि स्ट्रॉब्रिज अँड क्लोथियर या दुकानांच्या तळघरांत सरळ जाता येई. गिंबेल्सने १९२० मध्ये काढलेली ‘थँक्सगिव्हिंग’ची मिरवणूक, म्हणजे नोव्हेंबरमधील कृतज्ञता सणाची दुकानदारी मिरवणूक, देशातील या प्रकारची पहिली समजली जाते.

उपनगरांकडे जाण्याची सुरुवात दुकानांनी स्वतः केली, हे या कथेतील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. स्ट्रॉब्रिजने १९३० मध्येच आर्डमोर येथे शाखा काढली, आणि मार्शल फील्डने १९५६ मध्ये स्कोकी येथे ‘ओल्ड ऑर्चर्ड’ हे संपूर्ण खरेदीकेंद्र वसवण्यात पुढाकार घेतला. डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीतील ‘चेरी हिल मॉल’, म्हणजे एका छपराखाली अनेक दुकाने असलेले आणि भोवती मोटारींची मैदाने असलेले बंदिस्त खरेदीकेंद्र, १९६१ मध्ये जेम्स राउसच्या कंपनीने उघडला, आणि याच कंपनीने सोळा वर्षांनी मार्केट स्ट्रीट वाचवण्याचे काम हाती घेतले.

येथे दोन्ही शहरांच्या वाटा फुटतात. शिकागोत १९२० मध्ये नदीवर मिशिगन अॅव्हेन्यूचा पूल झाला होता, आणि पुलापलीकडचा उत्तरेचा भाग आर्थर रुब्लॉफ या जमीन-विकासकाने १९४७ मध्ये ‘मॅग्निफिसंट माइल’ या नावाने रंगवला. १९७६ मध्ये तेथे ‘वॉटर टॉवर प्लेस’ हा उंच उभा मॉल उघडला आणि त्यात फील्डचीच शाखा गेली. एका भाडेकरूच्या जोरावर रस्ता उभा करण्याची पामरची युक्ती शंभर वर्षांनी पुन्हा चालली, फक्त या वेळी तोटा स्टेट स्ट्रीटचा झाला. शहराने १९७९ मध्ये स्टेट स्ट्रीट मोटारींना बंद करून केवळ बस आणि पादचाऱ्यांसाठी ठेवला. पदपथ अतिरुंद केल्यामुळे उरलीसुरली गर्दीही विरळ वाटू लागली, बसच्या धुराने हवा कोंदली, आणि १९८० च्या दशकात गोल्डब्लाट्स, सिअर्स, वीबोल्ट्स अशी दुकाने एकामागून एक गेली. १९९६ मध्ये मोटारी परत आणल्या. या दुरुस्तीचा, आणि त्याहूनही मध्यवर्ती भागात आलेल्या महाविद्यालयांचा, वसतिगृहांचा व नव्या रहिवाशांचा, चांगला परिणाम झाला.

फिलाडेल्फियात पेठ हलवण्याजोगी नव्हतीच. वॉलनट व चेस्टनट स्ट्रीट ही उंची मालाची ठिकाणे वेगळी राहिली, पण सर्वसामान्यांची खरेदी मार्केट स्ट्रीटवरच गुंतलेली होती, कारण भुयारी गाड्या आणि रेल्वे तेथेच येत. म्हणून शहराने उपनगरी मॉलच रस्त्यावर आणला. १९७७ मध्ये उघडलेल्या ‘गॅलरी’च्या एका टोकाला स्ट्रॉब्रिज आणि दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत आलेले गिंबेल्स होते, मधे अनेक मजल्यांची दुकाने, आणि १९८४ पासून उपनगरी रेल्वेचे भुयारी स्थानकही तिला जोडलेले. नियोजनकारांना अपेक्षित असलेला उपनगरी ग्राहक परत आला नाही, पण शहरातल्या कृष्णवर्णीय आणि श्रमिक कुटुंबांनी गॅलरी आपलीशी केली; टीकाकारांनी याला अपयश म्हटले, तरी ज्यांना दुसरे दुकान जवळ नव्हते त्यांच्यासाठी ते अपयश नव्हते. खरा दोष इमारतीच्या रचनेत होता: तिच्या बाहेरच्या भिंती जवळजवळ आंधळ्या असल्यामुळे गर्दी आत वळली आणि पदपथ ओसाड पडला.

नावे पुसण्याचा प्रसंग दोन्ही शहरांत एकाच वर्षी आला, पण प्रतिक्रिया सारखी नव्हती. राष्ट्रीय कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर सप्टेंबर २००६ मध्ये मार्शल फील्डची पाटी उतरवून ‘मेसीज’ या राष्ट्रीय दुकानसाखळीची लावली, तेव्हा शिकागोत लोकांनी रस्त्यावर निदर्शने केली. फिलाडेल्फियात वॉनामेकर हे नाव १९९५ मध्येच गेले होते आणि इमारतीने मधल्या काळात एकाहून अधिक पाट्या पाहिल्या होत्या, त्यामुळे २००६ मध्ये मेसीज आले तेव्हा ऑर्गन वाजत राहील ना, एवढीच चिंता उरली होती. मार्केट स्ट्रीटवरचे स्ट्रॉब्रिजही त्याच वर्षी बंद झाले.

सलिव्हनच्या इमारतीत २०१२ पासून ‘टार्गेट’ या स्वस्त मालाच्या साखळीचे दुकान आहे, आणि फील्डच्या इमारतीत मेसीजने खालचे मजले राखून वरचे विकून टाकले. मॅग्निफिसंट माइललाही रिकाम्या दुकानांनी गाठले असून वॉटर टॉवर प्लेसमधील मेसीज २०२१ मध्ये गेले. फिलाडेल्फियात गॅलरीचे नूतनीकरण होऊन २०१९ मध्ये ती ‘फॅशन डिस्ट्रिक्ट’ झाली. तिच्या एका भागावर बास्केटबॉल संघाचे क्रीडागृह बांधण्याची योजना नगरपरिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि संघाने ती महिन्याभरातच सोडून दिली. मार्च २०२५ मध्ये वॉनामेकर इमारतीतील मेसीजही बंद झाले. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर रीडिंग टर्मिनल मार्केट आहे; त्याच्या वरून १९८४ नंतर एकही गाडी गेलेली नाही, आणि वरच्या जुन्या फलाटांच्या छपराखाली आता संमेलनगृह चालते, पण खाली भाजी, मासळी आणि मांस अजूनही विकले जाते.