खंडित अध्ययनाचा इतिहास : आंबेडकर आणि लंडन, १९१६–१९२३

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या पदव्यांची मालिका आपल्याकडे अनेकांना मुखोद्गत आहे. परंतु पदव्या अशा ओळीने मांडल्या की त्यांच्यामधील रिकाम्या जागा दिसेनाशा होतात, आणि एक सलग, निर्वेध विद्यार्थिदशा डोळ्यांपुढे उभी राहते. वस्तुस्थिती तशी नव्हती. लंडन येथील त्यांचे अध्ययन १९१७ साली अर्ध्यावर तुटले व १९२० साली पुन्हा जोडले गेले. ते कशामुळे तुटले, कोणत्या आधारावर जोडले गेले, आणि या खंडाचा त्यांच्या प्रबंधावर काय परिणाम झाला, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर १९१६ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. पुढील महिन्यात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही त्यांचे नाव दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात दोन्ही अभ्यासक्रम अपुरे ठेवून त्यांना स्वदेशी परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या जहाजातून येत होता ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. हाती उरली ती एकच गोष्ट : चार वर्षांच्या आत परत येऊन अध्ययन पुरे करण्याची विद्यापीठाने दिलेली अनुज्ञा.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोद्यास दहा वर्षे नोकरी करावयाची होती. तेथे काय घडले हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. राहावयास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात काढलेले दिवसही अपमानाने संपले. शिक्षणाने मिळविलेली योग्यता जातीच्या भिंतीपाशी येऊन थांबते, हा अनुभव या खंडकाळाच्या आरंभीच त्यांच्या वाट्यास आला.

तथापि हा काळ रिता गेला असे म्हणता येणार नाही. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाले. वेतनातील बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. पहिल्या खेपेस ते एका संस्थानचे करारबद्ध विद्यार्थी होते. दुसऱ्या खेपेस मुदतीचे व ऋणाचे बंधन होते, परंतु मध्येच परत बोलावणारा कोणी धनी नव्हता.

मध्यंतरी त्यांच्या अभ्यासविषयानेही रूप पालटले होते. १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या रौप्यनाण्यास बंद झाल्या, आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स ठरला. या सुवर्णविनिमय-पद्धतीचे समर्थन केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात केले होते. महायुद्धात चांदी महागली, जुना दर सुटला. १९२० साली सरकारने दोन शिलिंगांचा दर कायद्याने ठरविला आणि त्याच वर्षी तो राखणे अशक्य होऊन बसले. म्हणजे आंबेडकर लंडनला पोहोचले त्याच सुमारास या पद्धतीची कसोटी लागून गेली होती. विनिमयाचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा रुपयाची क्रयशक्ती स्थिर राखणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी चलनाच्या निर्मितीवर निश्चित मर्यादा हवी, हा त्यांचा सिद्धान्त आहे. १९१७ सालीच प्रबंध पुरा झाला असता, तर या सिद्धान्तास युद्धोत्तर पडझडीचा पुरावा लाभला नसता, असे म्हणावयास हरकत नाही.

जून १९२१ मध्ये त्यांना एम. एस्‌सी. मिळाली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सादर केलेला रुपयाविषयीचा प्रबंध मात्र मार्च १९२३ मध्ये पुनर्लेखनासाठी परत आला. पैसा संपला होता. दुसऱ्यांदा अपुरे काम घेऊन ते मुंबईस आले. तेथूनच सुधारलेला प्रबंध पाठविला, आणि वर्षअखेरीस डी. एस्‌सी. पदवी मिळाली. ग्रंथास प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, तीही आपले मतभेद न लपविता. कोलंबियाची पीएच. डी. तर ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती’ हा ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेल्यानंतर, १९२७ साली हाती आली.

या इतिहासात बुद्धिमत्तेचे महत्त्व वादातीत आहे. परंतु केवळ बुद्धिमत्तेने तुटलेले अध्ययन जोडले जात नाही. त्यास एका मित्राचे कर्ज लागले, एका राजाचे साहाय्य लागले, आणि परत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणारा विद्यापीठाचा एक साधा निर्णयही लागला. आपल्या विभागात अनेक वर्षांच्या खंडानंतर एखादा विद्यार्थी अर्ज घेऊन येतो, तेव्हा मधल्या वर्षांकडे केवळ वाया गेलेला काळ म्हणून पाहण्यापूर्वी त्या वर्षांत त्याने काय पाहिले, हे विचारणे आपले कर्तव्य होय.