ब्लेकची धुराडी झाडणारी मुले

विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) हा लंडनचा कवी पोटापाण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा कारागीर होता. १७८९ साली त्याने ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ ही पुस्तिका स्वतः कोरून, स्वतःच छापली. १७९४ मध्ये तिला ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’ची जोड देऊन, मानवी आत्म्याच्या दोन परस्परविरोधी अवस्था दाखविणारी गीते, असे त्याने त्या एकत्रित ग्रंथाचे वर्णन केले.

‘इनोसन्स’ला आपण निरागसता म्हणतो. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. ज्याच्या हातून अपराध घडला नाही तो निरागस. मूळ लॅटिन शब्दाचा रोख मात्र इजा न करणारा असा आहे. ब्लेकच्या गीतांतील मुले या दोन्ही अर्थांनी निरागस आहेत. कसूर त्यांची नाही, आणि इजा होते ती त्यांनाच.

निरागसता म्हणजे बालपण आणि अनुभव म्हणजे प्रौढपण, अशी सोपी वाटणी महाविद्यालयीन टिपणांतून फार झाली. ती ब्लेकला लागू पडत नाही. पहिल्या भागातील चार कविता त्याने पुढे दुसऱ्या भागात नेल्या. त्यांपैकी एक तर शाळकरी मुलाचीच आहे. शिवाय काही शीर्षके दोन्ही भागांत येतात. त्यांपैकी धुराडी झाडणाऱ्या मुलाची जोडी सर्वांत बोलकी आहे.

या मुलांची हकिकत अशी. लंडनच्या घरांतील धुराडी अरुंद, काही तर जेमतेम ९ इंच रुंदीची; त्यांत लहान मूलच शिरू शके. गरीब आईबाप चार पैसे घेऊन पोर उस्तादाच्या हवाली करीत. काजळीमुळे या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्येच केली होती. जोनास हॅनवे याच्या दीर्घ खटपटीनंतर १७८८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, कायदा झाला. आठ वर्षांखालील मूल ठेवू नये, असे त्यात होते; उस्तादांना परवाना सक्तीचा करण्याचे कलम मात्र वरिष्ठ सभागृहाने गाळले. परवाना नाही, तपासणी नाही; अशा कायद्याचे काय होते, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यास सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या ब्लेकच्या पहिल्या गीतातील मुलाची जीभ अजून नीट वळत नाही. ‘स्वीप’ अशी आरोळी देताना ‘स’ गळतो आणि उरतो तो रडण्याचा अर्थ असलेला इंग्रजी शब्द. त्याच्या सोबत्याला स्वप्नात देवदूत शवपेट्यांतून सर्वांची सुटका करताना दिसतो, आणि सकाळी मुले थंडीत समाधानाने कामाला निघतात. दुसऱ्या गीतातील मुलगा बर्फात उभा आहे, आईबाप प्रार्थनेला गेले आहेत. तो देव, धर्मगुरू आणि राजा यांना एका माळेत ओवून दोष देतो. मला स्वतःला पहिले गीत अधिक भयंकर वाटते. दुसऱ्याला निदान आपले काय झाले हे कळले आहे; पहिल्याला दिलासा मिळाला आहे, आणि त्या दिलाशावरच उस्तादाचा धंदा निर्धास्त चालतो. दोघांच्या वयात फारसा फरक दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८२४ मध्ये जेम्स माँटगोमेरी याने या मुलांच्या बाजूने एक संग्रह काढला, तेव्हा निबंधकार चार्ल्स लॅम्ब याने त्यासाठी ब्लेकची कविता पाठविली. ती पहिल्या भागातली, स्वप्नाची होती. देव आणि राजाला बोल लावणारी दुसरी त्यात आली नाही. १८३४, १८४० आणि १८६४ असे कायदे होत राहिले, मुले धुराड्यांत चढतच राहिली. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळील एका रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून मेला. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरीच्या प्रयत्नाने पोलिसांकडून परवाना घेणे सक्तीचे झाले. हॅनवेच्या मागणीला तोवर शतक होत आले होते आणि ब्लेकला जाऊन ४८ वर्षे झाली होती.