मडकं, करंडा आणि ताबूत

मृतदेह ज्यात ठेवून पुरतात, त्या वस्तूला मराठीत काय म्हणतात? कुणीही चटकन सांगेल, शवपेटी. पण हा शब्द आपल्या तोंडी बसलेला नाही. तो वर्तमानपत्राचा शब्द आहे. आजीच्या बोलण्यात तो कधी आला नसेल. आपल्यातले बहुतेक लोक मृतांना अग्नी देतात, तेव्हा अशा वस्तूला शब्द हवाच कशाला, असंही कुणी म्हणेल. गंमत अशी की, वस्तू आपल्याकडे फार जुनी आहे आणि शब्दही आहेत. फक्त ते सगळे घरातल्या भांड्याकुंड्यांमध्ये मिसळून गेले आहेत.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. घरांच्या जमिनी उकरताना खाली दफनं सापडू लागली. दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती.

या मुलांना पुरण्याची रीत ठरलेली होती. मातीची दोन मडकी घ्यायची, त्यांत मूल ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवायची आणि ती खड्ड्यात आडवी ठेवायची. शेजारी लहान भांडी असत, बहुधा वाटेवरच्या खाण्यापिण्यासाठी. खड्डा गावाबाहेर नसे. तो राहत्या घरातच, जमिनीखाली असे. वर चूल पेटत होती, माणसं जेवत-झोपत होती आणि खाली हाताच्या अंतरावर मूल होतं. दोन मडक्यांची ती जुळणी पुन्हा आईच्या पोटासारखी केलेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मूल गेल्यावरही त्या आईला ते घराबाहेर काढवलं नसेल, असं मला वाटतं.

पुरातत्त्वाच्या मराठी पुस्तकांत या भांड्यांना ‘दफनकुंभ’ किंवा ‘अस्थिकुंभ’ म्हणतात. शब्द नेमके आहेत, पण आपल्यापासून जरा दूर उभे राहतात. ‘मडकं’ म्हटलं की मात्र काही समजवावं लागत नाही. कारण मडकं आपल्या अंत्यविधीतून गेलेलंच नाही. तिरडीपुढे विस्तव घेऊन चालणाऱ्याच्या हाती ते असतं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फेरे होतात आणि शेवटी ते फोडलं जातं. ‘मुलगा नाही, तर मडकं कोण धरणार?’ हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला गेला आहे आणि अलीकडे कितीतरी मुलींनी ते मडकं धरून त्याला उत्तरही दिलं आहे. तान्ह्या मुलांना अग्नी न देता पुरण्याची रीतही अनेक घरांत टिकून आहे.

दुसरा शब्द करंडा. मूळ संस्कृत शब्द करंड किंवा करंडक, म्हणजे टोपली किंवा डबी. बौद्ध स्तूपांत पवित्र अवशेष ज्या डबीत ठेवत, तिलाही करंडक म्हणतात. नालासोपाऱ्याला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं एक टेकाड होतं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली ते खणलं, तेव्हा तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडे होते: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंड्यात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. एवढ्या किमती आवरणांच्या आत पुन्हा मडक्याचीच माती!

हाच करंडा आपल्या घरी कुंकवाचा झाला. आणि हाच करंडक स्पर्धांत जिंकायची वस्तू झाला: रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक. सोपाऱ्याचा स्तूप उघडला त्याच 1882 साली ओव्हलवर इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला, इंग्लिश क्रिकेटच्या मृत्यूची थट्टेची बातमी छापली गेली आणि त्यातून जेमतेम चार इंचांचं, राखेचं म्हणून ओळखलं जाणारं एक मातीचं पात्र प्रसिद्ध झालं. आपण ‘अ‍ॅशेस करंडक’ म्हणतो, तेव्हा करंडक हा शब्द नकळत आपल्या जुन्या कामावर परत जातो.

तिसरा शब्द ताबूत. अरबीत ताबूत म्हणजे पेटी, आणि शवपेटीही. कुराणात तान्ह्या मूसाला त्याची आई ज्यात घालून नदीत सोडते, तोही ताबूतच. मराठीत मात्र हा शब्द मोहरमबरोबर आला. ताबूत म्हणजे बांबूचा आणि रंगीत कागदांचा, इमाम हुसेन यांच्या स्मरणार्थ केलेला. कितीतरी गावांत हिंदूही त्यात हौसेनं सहभागी होत आले. ताबूत पाण्यात विसर्जित केले की ‘थंडे झाले’ म्हणायचं. म्हणून निवडणुकीआधी दोन दिवस ‘प्रचाराचे ताबूत थंडावले’ ही बातमी ठरलेली असते. हिंदीत ताबूत म्हणजे सरळ शवपेटी. आपल्याकडे त्या शब्दातून मृतदेह निघून गेला आणि मिरवणूक राहिली.

राहता राहिली शवपेटी. 1999 च्या कारगिल युद्धात तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या आपण घरोघरी टीव्हीवर पाहिल्या आणि तेव्हापासून हा शब्द सर्वांच्या ओळखीचा झाला. ‘शवपेटीला शेवटचा खिळा’ हे मात्र इंग्रजीचं उसनं. असा खिळा ठोकताना पाहिलेला मराठी माणूस विरळाच, तरी अग्रलेखात तो नेमानं ठोकला जातो. ज्या घरी अशी पेटी येते, तिथं शव हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘पेटी आली’ एवढंच म्हणतात.

मडकं, करंडा, पेटी. मृत्यूसाठी वेगळा शब्द घडवण्याऐवजी माणसं घरातलीच वस्तू पुढे करतात. यात शब्दांची गरिबी नाही. गेलेल्या माणसाला परक्या नावाच्या वस्तूत ठेवायला मन धजत नाही, एवढंच त्याचं कारण असावं. इनामगावच्या त्या आईची भाषा आज कुणालाच ठाऊक नाही. पण त्या दोन भांड्यांना तीही मडक्यासारखंच काहीतरी साधं, रोजचं नाव घेऊन हाक मारत असेल.