मिळालेलं मत गेलं कसं?

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "बायकांना मताचा हक्क एकदा मिळाला, की तो कायमचाच ना?" उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची गोष्ट सापडली. तीच आज सांगतो.

१७७६ साली अमेरिकेनं इंग्रजांपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी न्यू जर्सीनं आपली राज्यघटना केली. ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत, असं तिच्यात लिहिलं. 'पुरुष' असा शब्दच नव्हता. पुढं कायद्यात 'तो किंवा ती' असं स्पष्ट आलं. पण लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची मानली जाई. म्हणून मत देत त्या विधवा आणि बिनलग्नाच्या बायका.

याच काळात देशात दोन पक्ष उभे राहिले. हॅमिल्टन, ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाला बळकट केंद्र सरकार आणि व्यापार हवा होता. जेफरसन यांचा रिपब्लिकन पक्ष राज्यांच्या अधिकारांची आणि शेतकऱ्यांची बाजू घेई. (आजचा त्या नावाचा पक्ष वेगळा.) १८०० साली जेफरसननी ॲडम्सना हरवलं. चुरस वाढली तसं एकेक मत मोलाचं झालं. दोन्ही पक्ष बायकांना मतदानाला बोलावू लागले.

१७९७ साली एलिझाबेथटाउनमध्ये बऱ्याच बायकांनी फेडरलिस्ट उमेदवाराला मतं दिली. रिपब्लिकन जॉन कॉन्डिट कसेबसे निवडून आले.

१८०७ साली तिथल्या जिल्ह्याचं न्यायालय कोणत्या गावी बांधायचं, यावर मतदान झालं. दोन गावांत ईर्षा पेटली, खोटी मतं पडली. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा मत दिलं, असाही आरोप झाला. त्याच वर्षी, निवडणुका स्वच्छ करायच्या म्हणून, नवा कायदा आला: मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना. बायकांचं आणि काळ्या लोकांचं मत गेलं. या कायद्यासाठी पुढाकार घेतला तो त्याच कॉन्डिट यांनी.

लबाडी पुरुषांनी केल्याचा आरोप, हक्क मात्र बायकांचा गेला! मत मागायला दोन्ही पक्ष आले होते. ते काढून घेताना सभागृहात बोलायला एकही बाई नव्हती. न्यू जर्सीच्या बायकांना मत परत मिळालं १९२० साली, ११३ वर्षांनी.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. हक्क मिळाला तरी तो राखावा लागतो. म्हणून ग्रामसभा असो की गटाची बैठक, ठराव आधी वाचायला लावा. सही त्यानंतर.