दोषसंकेत, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनाचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा आपल्या कार्यातील बिघाडाची नोंद ज्या ठराविक अंकांच्या किंवा अक्षर व अंक यांच्या जुळणीच्या रूपात करून ठेवते, त्यांना दोषसंकेत म्हणतात. नोंद झाल्यावर चालकासमोरील फलकावर एक पिवळसर दिवा लागतो. दिव्यामुळे बिघाड आहे एवढेच समजते. त्याचा संबंध कोणत्या विद्युत् मंडलाशी आहे, हे संकेत वाचल्यावरच कळते. दोषसंकेत ही मोटार-मालकाच्या सोयीसाठी निघालेली युक्ती नसून हवेच्या प्रदूषणाविरुद्ध झालेल्या कायद्यांतून ती वाढीस लागली. त्यामुळे तिच्या इतिहासात दोन प्रश्न आरंभापासून एकमेकांत गुंतलेले दिसतात : संकेतातून नेमके काय कळते आणि तो वाचण्याची मुभा कोणाला असावी.

पार्श्वभूमी : कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या एंजिनातील दोष कारागीर आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि स्पार्क प्लगवर साचलेल्या काजळीवरून ओळखत असे. एंजिनाचे बहुतेक भाग उघडे व यांत्रिक असल्यामुळे अनुभवी माणसास एवढे पुरत असे. १९४३ पासून अमेरिकेतील लॉस अँजेल्स शहरावर डोळे चुरचुरविणारे धुरके पसरू लागले. मोटारींच्या निष्कासातून (एंजिनातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूंतून) येणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते, असे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले व हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा अधिनियमाने मोटारींतून बाहेर पडणारे प्रमुख प्रदूषक सु. ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन उत्पादकांवर घातले.

हे साधण्यासाठी १९७५ च्या प्रतिमानांपासून निष्कास नळीत उत्प्रेरकी परिवर्तक बसविले जाऊ लागले. पुढे आलेला त्रिमार्गी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींचे रूपांतर करतो. परंतु त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४·७ : १ च्या अगदी जवळ राखावे लागते. केवळ यांत्रिक कार्ब्युरेटरला इतका काटेकोरपणा साधत नाही. म्हणून निष्कासातील ऑक्सिजनाचे प्रमाण ओळखणारा झिर्कोनियाचा संवेदक आणि त्याच्या संदेशानुसार पेट्रोलाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलणारा संगणक यांची जोडी आवश्यक ठरली. बॉश कंपनीचा असा संवेदक व्होल्व्हो मोटारीत १९७६ मध्ये प्रथम वापरण्यात आला. आता एंजिनाचे बरेचसे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत् संदेशांवर चालू लागले आणि आवाज किंवा धूर यांवरून दोष शोधण्याची जुनी विद्या अपुरी पडली. नियंत्रण करणाऱ्या संगणकालाच बिघाडाबद्दल बोलते करणे हा त्यावरील उपाय होता.

दिव्याच्या उघडझापीतून वाचन : जनरल मोटर्स कंपनीने १९८० मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत आणि १९८१ मध्ये अमेरिकेतील आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल मोटारगाड्यांत संगणकीय नियंत्रण आणले. त्यांपैकी अनेक गाड्यांत कार्ब्युरेटर कायम ठेवून त्यालाच विद्युत् नियंत्रण जोडलेले होते. चालकाच्या पुढील फलकाखाली १२ खाचांची एक जोडणी असे. कारखान्यात गाडी तपासण्यासाठी केलेली ही सोय रस्त्याकडेच्या कारागिरालाही उपयोगी पडली. कारण तीतून संकेत वाचण्यास तारेच्या एका तुकड्यावाचून कोणतेही साधन लागत नसे.

त्या काळातील सेडान गाडीत संकेत वाचण्याची रीत पुढीलप्रमाणे होती : एंजिन बंद असताना जोडणीतील ‘ए’ व ‘बी’ या दोन खाचा तारेने जोडावयाच्या आणि एंजिन सुरू न करता किल्ली चालू स्थितीत फिरवावयाची. त्यानंतर फलकावरील दिवा उघडझाप करू लागतो. एक उघडझाप, अल्प विराम व लागोपाठ दोन उघडझापी म्हणजे १२ हा संकेत होय. तो तीनदा दाखविला जातो. नंतर स्मृतीत असलेला प्रत्येक संकेत तीन-तीनदा येतो व शेवटी पुन्हा १२ येतो. १२ या संकेताने नवख्या वाचकाची हमखास फसगत होत असे. त्याचा शब्दशः अर्थ ‘वितरकाकडून फिरण्याचे स्पंद येत नाहीत’ असा आहे. पण एंजिनच बंद असल्यामुळे स्पंद न येणे हेच योग्य होय. म्हणजे १२ हा दोष नसून संगणक जागा आहे व बोलू शकतो, याची ती ग्वाही आहे. दुसरा कोणताही संकेत न येता १२ हाच येत राहिला, तर स्मृतीत दोषाची नोंद नाही असे समजावयाचे.

संकेताच्या अर्थाची मर्यादा : संकेत हे निदान नव्हे, ती एका संदेशाविषयीची साक्ष आहे. वरील पद्धतीतील काही संकेतांवरून हे स्पष्ट होते. १५ हा संकेत ‘शीतक पाण्याचे तापमान फार कमी’ असे सांगतो. या तापमानाच्या संवेदकाचा विद्युत् रोध पाणी थंड असताना जास्त व गरम असताना कमी असतो. संगणक ५ व्होल्ट दाबाचा संदर्भ पुरवून रोधाचा अंदाज घेतो. संवेदकाची तार तुटली किंवा जोडणी सुटली की, रोध जणू अमर्याद होतो आणि संगणकाला पाणी गोठल्याहून थंड असल्याचा भास होतो. अशा वेळी पाण्यात वा संवेदकात कोणताही दोष नसतो, तो तारेत असतो. उलट तार गाडीच्या सांगाड्यास चिकटली, तर पाणी अतितप्त असल्याचा १४ हा संकेत मिळतो.

४४ या संकेताचा अर्थ ‘निष्कासात ऑक्सिजन जास्त’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, असा आहे. ऑक्सिजन संवेदक मिश्रण पेट्रोलाने समृद्ध असल्यास सु. ०·९ व्होल्ट व विरल असल्यास सु. ०·१ व्होल्ट इतका दाब देतो. दाब दीर्घकाळ खालीच राहिल्यास हा संकेत नोंदला जातो. त्याचे कारण पेट्रोलाचा अपुरा दाब, आत येणाऱ्या हवेच्या मार्गातील गळती किंवा संवेदकाच्या अलीकडे निष्कास नळीला पडलेली भेग यांपैकी कोणतेही असू शकते. भेगेतून बाहेरची हवा आत आली की, संवेदक तिच्यातील ऑक्सिजन प्रामाणिकपणे मोजतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरतो. संकेतात नाव आले म्हणून निर्दोष संवेदक बदलणे, ही या पद्धतीबरोबर जन्मलेली व आजही टिकून असलेली चूक आहे. तीमुळे मालकाचा पैसा जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून जाणता कारागीर संकेत वाचल्यावर प्रथम तारा, जोडण्या व नळ्या पाहतो, मग विद्युत् दाब मोजतो आणि सर्वांत शेवटी सुटा भाग बदलतो.

निरनिराळ्या भाषा : प्रत्येक उत्पादकाने आपापली पद्धत बसविली. फोर्डच्या गाड्यांत तपासणीच्या जोडणीला काट्याचा व्होल्टमापक लावून काट्याच्या झेपा मोजीत. तेथे ११ म्हणजे सर्व ठीक. क्रायस्लरच्या गाड्यांत किल्ली पाच सेकंदांच्या आत चालू-बंद-चालू-बंद-चालू अशी फिरविल्यास दिवा बोलू लागे व ५५ या संकेताने कथन संपे. होंडाच्या अनेक गाड्यांत संगणकाच्या पेटीवरच छोटा दिवा असून तो पाहण्यासाठी आसन सरकवावे किंवा पायपुसणे उचलावे लागे. कॅडिलॅकच्या काही गाड्यांत वातानुकूलनाच्या फलकावरील दोन बटणे एकदम दाबल्यावर संकेत तेथेच अंकांत उमटत. एकाच अंकाचा अर्थ गाडीगणिक बदलत असल्यामुळे उत्पादकाची पुस्तिका हाती नसलेल्या कारागिराला ती उघडझाप निरर्थक होती. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ मध्ये संमत केलेला नियम १९८८ च्या प्रतिमानांपासून लागू झाला. गाडीने आपल्या प्रदूषण-नियंत्रक भागांवर स्वतः लक्ष ठेवावे, बिघाड झाल्यास दिवा लावावा व संकेत द्यावा, असे त्याने बंधनकारक केले. मात्र संकेतांची व जोडणीची एकवाक्यता त्यात नव्हती.

प्रमाणीकरण : ही उणीव दुसऱ्या टप्प्यात दूर झाली. कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये नवी नियमावली स्वीकारली आणि १९९० च्या स्वच्छ हवा अधिनियमातील दुरुस्त्यांनी तिला देशव्यापी आधार दिला. ही पद्धत १९९४ पासून टप्प्याटप्प्याने व १९९६ च्या प्रतिमानांपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारगाड्यांत आली. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेने ठरविलेली १६ खाचांची जोडणी चालकाच्या आसनाजवळ बसविणे आवश्यक झाले. तारेच्या तुकड्याची जागा वाचक-यंत्राने घेतली. पण एकच यंत्र कोणत्याही कंपनीच्या गाडीला चालू लागले.

नव्या संकेतात एक अक्षर व चार स्थाने असतात. ‘पी’ या अक्षराने एंजिन व शक्तिप्रेषण यांचा निर्देश होतो. त्यापुढील ० हा अंक सर्वांना समान असलेला, तर १ हा उत्पादकाने स्वतः ठरविलेला संकेत दर्शवितो. तिसऱ्या स्थानावरून उपयंत्रणा व अखेरच्या दोहोंवरून दोष कळतो. उदा., ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरात इंधन न पेटणे, तर ‘पी ०४२०’ म्हणजे उत्प्रेरकी परिवर्तकाची कार्यक्षमता मर्यादेखाली जाणे. बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. इंधन न पेटता निष्कासात जाऊन परिवर्तक तापून निकामी होण्याचा धोका असेल, तर मात्र तो तत्काळ लुकलुकू लागतो. नोंदीबरोबर त्या क्षणीचा एंजिनाचा वेग, तापमान इ. तपशीलही जतन होतो. संकेत पुसल्यास यंत्रणेने पूर्ण केलेल्या स्वयंतपासण्यांची नोंदही पुसली जाते. त्यामुळे सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी दिवा विझवून आणलेली गाडी ओळखता येते.

यूरोपीय संघात पेट्रोल गाड्यांच्या नव्या प्रकारांसाठी अशी व्यवस्था २००० पासून सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ ही मानके एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूर यांसह १३ शहरांत लागू झाली व तेव्हापासून त्या मानकांच्या गाड्यांना स्वयंनिदान यंत्रणेचा पहिला टप्पा आवश्यक ठरला. दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून आला. त्यापूर्वीच्या भारतीय गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण असले, तरी संकेतांची एकरूपता नव्हती. म्हणून जुनी सेडान दुरुस्त करताना ती कोणत्या वर्षी बनली, हे जाणणे ही वाचनाची पहिली पायरी ठरते.

वाचनाचा हक्क : सर्वसामान्य संकेत सर्वांना खुले झाले, तरी उत्पादकाचे स्वतःचे संकेत, दुरुस्तीची माहिती व खास साधने बहुधा अधिकृत विक्रेत्यांकडेच राहिली. मॅसॅचूसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी स्वतंत्र गॅरेजांना ही माहिती देणाऱ्या कायद्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील उत्पादकांनी देशभरासाठी तशाच आशयाचा करार केला. गाडीतून बिनतारी मार्गाने थेट उत्पादकाकडे जाणारी माहितीही मालकास मिळावी, असा कौल त्याच राज्याने २०२० मध्ये दिला. भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सु. २,५४५ कोटी रु. दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील मुख्य ठपका होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. तथापि गाडीची नोंद वाचता येण्यावर लहान गॅरेजाची उपजीविका अवलंबून आहे, ही गोष्ट त्यातून अधिकृतपणे पुढे आली.

संकेतांवरील विश्वासाला २०१५ मध्ये वेगळाच धक्का बसला. फोक्सवागेनच्या डीझेल गाड्यांतील आज्ञावली प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण कमी करीत असल्याचे उघड झाले. रस्त्यावर त्यांतील नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे प्रमाण अमेरिकी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते आणि तरीही चालकासमोरील दिवा लागत नव्हता. ही फसवणूक गाडीच्या संकेतांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष रस्त्यावर निष्कास वायू मोजल्यामुळे उजेडात आली. संगणक जे पाहावयास त्याला सांगितले असेल तेच पाहतो व जे नोंदण्याची आज्ञा असेल तेच नोंदतो. १९८१ च्या सेडानमधील दिव्याची उघडझाप असो किंवा आजच्या भ्रमणध्वनीवर उमटणारी अक्षरे असोत, त्यांवरून तपासाची दिशा मिळते. दोषाचा निर्णय संदेश, तार व वायू यांचे स्वतंत्र मोजमाप करणाऱ्यालाच द्यावा लागतो.